खारपाणातला अमिबा: विहिरीच्या काठापासून नव्या प्रजातीच्या नावापर्यंत

दर्यापूर तालुक्यातल्या एका विहिरीवर आम्ही नमुना घेत होतो. विहिरीचे मालक जवळच उभे होते. म्हणाले, "या पाण्यानं दाय शिजत नाही सर, याच्यात जीव कुठून राहीन?" प्रश्न रास्त होता. या कामातली सगळी मेहनत त्याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी असते. खाऱ्या पाण्यात अमिबा दिसला, एवढ्यावर तो तिथे राहतो असं म्हणता येत नाही. वाऱ्यासोबत आलेली एखादी सिस्ट, म्हणजे कवच पांघरून झोपलेला अमिबा, मिठात महिनोन्महिने पडून राहू शकतो. आपल्या भांड्यात गोडं पाणी मिळालं की तो जागा होतो आणि आपल्याला वाटतं, खारपाणातला जीव सापडला. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: मीठ मोजा, आणि पहिल्या थेंबापासून शेवटच्या फोटोपर्यंत ते तेवढंच राखा.

हा लेख विदर्भातल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, प्रेशर कुकर आणि चिकाटी असली तर यातलं निम्मं काम तालुक्याच्या गावी होतं. डीएनए आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मात्र विद्यापीठाची किंवा मोठ्या संस्थेची मदत लागते.

जागा कुठल्या

आपल्याकडे खारेपणाच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. एक पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला भाग. दुसरं लोणार सरोवर. लोणारचं पाणी नुसतं खारं नाही, ते तीव्र अल्कधर्मी आहे. पीएच दहाच्या आसपास असतो, कारण त्यात साध्या मिठाबरोबर सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटही आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मीठप्रिय आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) असल्याचं दाखवलं. अशा सूक्ष्मजीवांवर कोणीतरी जगत असणार, हा तर्क आपल्या कामाचा आहे.

खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी समुद्राइतकं खारट असेल असं समजू नका. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आपल्या बहुतेक विहिरी त्याच्या बऱ्याच खाली राहतात. खरी खारट ठिकाणं लहान असतात: मोटारपंपाचं पाणी जिथे साचून आटतं तो खड्डा, बांधाकडेला उमटलेला पांढरा थर, चोपण जमिनीतली भेग, आटत आलेल्या नाल्याचा शेवटचा डोह. एप्रिल-मे महिन्यांत अशा खड्ड्यात क्षारता आठवड्यागणिक चढते. एकाच खड्ड्यातून चार आठवड्यांत चार नमुने घेतले, तर चार वेगवेगळ्या खारटपणाचे नमुने आयतेच मिळतात. मी तरी नवख्यांना लोणारऐवजी अशाच एखाद्या खड्ड्यापासून सुरुवात करायला सांगेन. तिथे पुन्हापुन्हा जाता येतं.

लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथला चमचाभर चिखलही उचलायचा नाही. खाजगी विहिरीसाठी मालकाची संमती घ्या आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपूरलाच आहे. शंका असेल तर आधी तिथे विचारावं. नमुना किंवा कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला जीव) देशाबाहेर पाठवायचा विचार असेल, तर त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वेगळी मंजुरी लागते. हे सगळं नमुना घेण्याआधी उरकायचं. नंतर कागद गोळा करत बसलं की प्रकाशनाच्या वेळी काम अडतं.

नमुना घेताना

अमिबा पाण्याच्या मधोमध तरंगत नाहीत, ते कशाला तरी चिकटून असतात. म्हणून बादलीभर पाणी आणण्यापेक्षा काठावरचा शेवाळी थर, चिखलाचे वरचे दोन-तीन मिलिमीटर, बुडालेली काडी, क्षाराच्या पापुद्र्याखालची ओली माती हे घ्या. ५० मिलिलिटरच्या निर्जंतुक नळ्या निम्म्याच भरा, वर हवा राहू द्या. त्याच जागेचं लिटरभर पाणी वेगळ्या बाटलीत आणा. कल्चरसाठी त्याचा उपयोग पुढे सांगतो.

जागेवरच तापमान, पीएच आणि क्षारता मोजून वहीत लिहा, सोबत मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. क्षारता मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर सोपा. शेतीच्या प्रयोगशाळेत विद्युतवाहकतेचा मीटर असतो, तोही चालतो: वाहकता दर मीटरला १ डेसीसीमेन्स असेल, तर ढोबळमानाने लिटरमागे ६४० मिलिग्रॅम क्षार धरतात. हा हिशेब खूप खारट पाण्याला लागू पडत नाही. तिथे नमुन्याचा थोडासा भाग ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट पातळ करून मोजावा आणि आकडा दहाने गुणावा. ही अंदाजी क्षारता आहे, तसं वहीत नमूद करा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा, मोजायला घेतलेला भाग परत नमुन्यात ओतू नका.

नळ्या बर्फात ठेवू नका. ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत आणा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेला नमुना बाद समजा.

सुरक्षिततेबद्दलही इथेच. मुक्त राहणाऱ्या अमिबांपैकी नेग्लेरिया फाउलेरी नाकावाटे मेंदूत शिरून जीवघेणा संसर्ग करतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली असे रुग्ण आढळले. तो कोमट गोड्या पाण्यातला आहे आणि मीठ त्याला मानवत नाही. पण आपल्या पट्ट्यातलं पाणी जेमतेमच खारं असतं, तेव्हा त्या भरवशावर राहू नये. अकँथअमिबा डोळ्यांच्या बुबुळाला इजा करतो, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावून हे काम करायचं नाही. हातमोजे घाला आणि तोंडाने पिपेट कधीच ओढू नका. ४० अंशांच्या वर कल्चर वाढवण्याचे प्रयोग महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत करायचे नाहीत, कारण उष्णता सोसणारे धोकादायक प्रकार तिथेच निवडले जातात. वापरलेल्या बशा (पेट्री डिश) प्रेशर कुकरमध्ये शिट्टीचं वजन ठेवून अर्धा तास उकळून मगच टाका. अकँथअमिबाची सिस्ट क्लोरीनला सहज दाद देत नाही. हा कुकर स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

कल्चर: जिथे बहुतेकांचं काम फसतं

माझं पहिलं कल्चर गेलं ते धुण्यात. आटत्या खड्ड्यातून आणलेला, ठसठशीत चालणारा अमिबा होता. शिकवल्याप्रमाणे मी तो ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला आणि पाच मिनिटांत सगळे फुगून फुटले. गोड्या पाण्याच्या अमिबासाठी लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी वापरता येत नाही. धुणं, पातळ करणं, रंगवणं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी स्थिर करणं, प्रत्येक द्रवाची क्षारता नमुन्याइतकीच हवी.

त्यासाठीच ते लिटरभर पाणी आणलं होतं. ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्या. उकळू नका. उकळल्यावर कार्बोनेट खाली बसतं, पीएच बदलतो आणि आपण वेगळंच पाणी बनवून बसतो. लोणारसारख्या पाण्यासाठी अगार (कल्चरसाठी वापरतात तो जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) आणि सोडियम कार्बोनेट वेगवेगळं निर्जंतुक करून कोमट असताना मिसळावं, नाहीतर अगार करपतो आणि नीट घट्ट होत नाही.

दोन वाटा एकाच वेळी धरा. पहिली अगारची: दीड ते दोन टक्के अगार, त्यात कसलंही पोषक नको, आणि द्रव त्याच क्षारतेचा. बशीच्या मध्यावर निरुपद्रवी, उष्णतेने मारलेल्या ई. कोलाय जीवाणूंची एक रेघ ओढा आणि रेघेच्या एका टोकाला वाटाण्याएवढा चिखल ठेवा. पोषक नसल्याने बुरशी आणि इतर जीवाणू माजत नाहीत, आणि अमिबा खाणं शोधत रेघेवरून पुढे सरकतात. दुसरी वाट द्रवाची: गाळलेलं पाणी २० मिलिलिटर, त्यात निर्जंतुक केलेला गव्हाचा किंवा जवाचा एकच दाणा, आणि थोडा नमुना. दाण्यावर जागचेच जीवाणू हळूहळू वाढतात आणि अमिबा त्यांच्यावर जगतो. खूप खारट नमुन्यांना ही दुसरी वाट जास्त मानवते. दोन दाणे घालायचा मोह आवरा. जीवाणू फार झाले की प्राणवायू संपतो.

आता उन्हाळ्याचं बघा. विदर्भात पारा ४५ च्या घरात गेला की बशीतलं पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. सोमवारी लिटरमागे ६० ग्रॅम असलेलं भांडं शनिवारी ९० वर गेलेलं असतं, आणि आपण समजतो अमिबा उगीच मेला. म्हणून भांड्यावर पाण्याच्या पातळीची खूण करा, बशा फिल्मने बंद करून झाकणाच्या डब्यात ओल्या कापसासोबत ठेवा, आणि पातळी उतरली तर फक्त ऊर्ध्वपातित पाणी, थेंबाथेंबाने, ढवळत घाला. खारं पाणी घालून पातळी भरली की मीठ वाढतच जातं. कूलरच्या खोलीत २५ ते ३० अंशांवर डबा ठेवला तर भागतं.

पहिल्याच दिवशी काही दिसलं नाही तर बशी टाकू नका. गोड्या पाण्यातले अमिबा दोन-तीन दिवसांत दिसतात, खारट जागचे कधी तीन-चार आठवडे घेतात. दर दुसऱ्या दिवशी बशी उलटी करून १० पटीच्या भिंगाखाली रेघेच्या टोकाकडचा भाग पाहायचा.

एकाच पेशीपासून वंश

नमुन्यात दोन-तीन प्रकार जवळजवळ नेहमीच असतात. एकाचा फोटो, दुसऱ्याची सिस्ट आणि तिसऱ्याचा डीएनए अशी सरमिसळ झाली की न जन्मलेली प्रजाती कागदावर जन्माला येते. यावर इलाज एकच, एका पेशीपासून वाढवलेला वंश. अगारवर एकटा पडलेला अमिबा शोधा, त्याच्याभोवतीचा अगारचा बारीक चौकोन निर्जंतुक सुईने कापा आणि नव्या बशीवर उलटा ठेवा. द्रवात असेल तर काचेची केशनळी आचेवर ताणून बारीक करा आणि एक पेशी ओढून घ्या. हे लागोपाठ तीनदा करा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाहणं आणि मोजणं

काचपट्टीवर ठेवलेला अमिबा आधी गोळा होतो. दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. आवरणकाचेच्या कडा व्हॅसलिनने बंद करा, नाहीतर कडेने मिठाचे स्फटिक उगवतात आणि क्षारता बदलते.

चाल पाहा, कारण अमिबाची पहिली ओळख चालीवरून होते. गोगलगायीसारखा लांबट, आणि पुढच्या टोकाला पारदर्शक फुगवटा एकदम उसळून येतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे: हा हेटेरोलोबोसिया या गटातला असण्याची शक्यता मोठी. खूप खारट पाण्यातले आजवर वर्णन झालेले बरेच नग्न, म्हणजे बिनकवचाचे, अमिबा याच गटातले आहेत. सुपासारखा किंवा पंख्यासारखा पसरट, पुढे रुंद काचेसारखी किनार: व्हॅनेलाच्या कुळाकडे बघा. अंगभर बारीक काट्यांसारखे छद्मपाद, म्हणजे पेशीतून निघणारे तात्पुरते पाय: अकँथअमिबा. एकाच जाड नळीसारखा संथ वाहणारा, उसळी न घेणारा: ट्युब्युलिनियाकडे. १९९९ मध्ये स्मिर्नोव आणि गुडकोव यांनी नग्न अमिबांचे असे चालीनुसार आकारप्रकार ठरवून दिले. आजही पहिली चाळणी म्हणून तेच वापरतात. पण आकारप्रकार म्हणजे नातं नव्हे. हेटेरोलोबोसिया आणि ट्युब्युलिनिया दिसायला जवळ असले, तरी जीवांच्या वंशवृक्षावर अगदी दूरच्या फांद्यांवर बसतात.

चालणाऱ्या किमान ५० पेशींची लांबी-रुंदी मोजा, नुसती सरासरी नव्हे तर लहानात लहान आणि मोठ्यात मोठी पेशीही लिहा. केंद्रक किती, केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका) मध्ये की कडेला, संकोची रिक्तिका आहे का हे नोंदवा. खाऱ्या पाण्यातल्या अमिबांत ही रिक्तिका बरेचदा दिसत नाही, कारण बाहेर फेकायला जादा पाणीच आत येत नाही. सिस्टची भिंत एकपदरी की दुपदरी, तिला भोकं आहेत का, हेही पाहा. फोटोपेक्षा व्हिडिओ जास्त सांगतो. प्रत्येकात मापपट्टी हवीच.

अवस्था बदलण्याची परीक्षाही घ्या. नेग्लेरिया गोड्या पाण्यात ठेवला की काही तासांत कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटी, काढून पोहू लागतो. तुमच्या खाऱ्या अमिबाला थेट गोड्या पाण्यात टाकू नका. क्षारता थोडी थोडी उतरवत, दर पायरीला एक-दोन दिवस देऊन पाहा. फॅरिंगोमोनासची हकीकत इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो अतिखारट पाण्यातला कशाभिकाधारी जीव म्हणून माहीत होता. त्याची अमिबा अवस्था २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे तुमचा "नवा" अमिबा कुणा ओळखीच्या पोहणाऱ्याचं दुसरं रूप असू शकतो.

मिठाची शिडी

विहिरीच्या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. एकाच माध्यमाचे दोन साठे करा, एक बिनमिठाचा आणि एक लिटरमागे ३०० ग्रॅम मिठाचा. मीठ प्रयोगशाळेतलं शुद्ध घ्या, घरच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची द्रव्यं असतात. दोन्ही साठे प्रमाणात मिसळून हव्या त्या पायऱ्या मिळतात: ७५ ग्रॅमच्या पायरीचे १०० मिलिलिटर हवे असतील, तर खाऱ्या साठ्यातले २५ आणि बिनमिठाचे ७५. खारपाणपट्ट्यातल्या नमुन्याला ०, ३, ६, १०, २०, ३५, ६० आणि १०० अशी शिडी पुरते. पांढऱ्या थरातल्या किंवा आटत्या खड्ड्यातल्या नमुन्याला २५० पर्यंत चढवा. लोणारच्या नमुन्याला नुसतं मीठ घालून भागत नाही, तिथे कार्बोनेटचं प्रमाण आणि पीएच सांभाळून शिडी बांधावी लागते.

प्रत्येक पायरीची तीन भांडी. दर आठवड्याला पेशी मोजा, आणि वाढ दिसली तर त्याच क्षारतेच्या ताज्या भांड्यात थोडा भाग हलवा. असं तीन वेळा. तिसऱ्या बदलीनंतरही जो वाढतो तोच त्या मिठात जगतो. पहिल्या भांड्यात नुसता टिकलेला जीव तिसऱ्यापर्यंत पातळ होत नाहीसा होतो. तुमचा अमिबा शून्यावर उत्तम आणि २० वर कसाबसा वाढला, तर तो मिठाला सोसणारा मातीतला अमिबा. शून्यावर वाढलाच नाही आणि मिठातच फोफावला, तर तो मीठप्रिय. पहिलं उत्तर आलं म्हणून हिरमुसू नका. आपल्या पट्ट्यातली तीही नोंद मोलाची आहे, फक्त शीर्षकात "मीठप्रिय" लिहू नका.

डीएनए आणि नातेसंबंध

पेशी गोळा केल्यावर डीएनए काढताना मीठ धुऊन काढावं लागतं, कारण ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतं. इथे गोडं पाणी चालतं, पण पेशी फोडायच्या वेळीच, त्याआधी नाही. १८एस राइबोसोमल आरएनएचं जनुक वाचून घ्या. ते साधारण १,८०० ते २,००० अक्षरांचं असतं, आणि सँगर पद्धतीच्या एका वाचनात जेमतेम ७०० ते ९०० अक्षरं विश्वासाने मिळतात. म्हणून दोन्ही टोकांकडून आणि मधूनही वाचायला सांगा. पट्टा अपेक्षेपेक्षा लांब आला तर लगेच दूषित समजू नका, हेटेरोलोबोसियाच्या या जनुकात मध्येच जादा तुकडे, म्हणजे इंट्रॉन, सापडतात.

जेनबँक या जनुकवाचनांच्या सार्वजनिक संग्रहात जुळणी पाहा, पण "इतके टक्के वेगळं म्हणजे नवी प्रजाती" असा सरसकट आकडा नाही. नेग्लेरियाच्या प्रजाती १८एसवर इतक्या जवळ असतात, की त्या वेगळ्या करायला आयटीएस हा डीएनएचा भाग वाचावा लागतो. पंखाकृती अमिबांसाठी सीओआय जनुक उपयोगी पडतं. जुळणीनंतर जवळच्या सगळ्या वर्णित प्रजाती घेऊन वंशवृक्ष काढा आणि फांदीचा आधार किती भक्कम आहे ते लिहा. तंतुकणिकांच्या आतल्या घड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आल्या तर मोठी साक्ष मिळते: हेटेरोलोबोसियात त्या चपट्या, अमिबोझोआत (ट्युब्युलिनिया, व्हॅनेला, अकँथअमिबा यांच्या मोठ्या गटात) नळीसारख्या.

नवी म्हणण्याआधी, आणि म्हटल्यावर

जवळच्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन वाचा, सारांश नको. तुमच्या नोंदींशी एकेक लक्षण ताडून तक्ता करा. २००९ मध्ये कोरियातल्या मिठागरातून तुलअमिबा आणि युप्लेसिओबिस्ट्रा हे दोन नवे वंश (इथे अर्थ जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) वर्णिले गेले. त्या कामात चाल, सूक्ष्मरचना आणि वंशवृक्ष एकत्र ठेवले होते. तसं तीन बाजूंनी वेगळेपण दिसत असेल, तरच नाव द्या.

नग्न अमिबांना बहुधा प्राण्यांच्या नामकरण संहितेचे नियम लागतात. वर्णन, जवळच्यांपासूनचा फरक, नमुन्याची मूळ जागा आणि नामधारक नमुना (ज्याच्याशी नाव कायमचं जोडलं जातं तो जपलेला नमुना) हे सगळं हवं. एकपेशीयांसाठी एका काचपट्टीवरच्या अनेक पेशी मिळून एक नामधारक नमुना मानता येतो. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापायचं असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी करून तो क्रमांक लेखात द्यावा लागतो. गावावरून नाव द्यायचं तर लॅटिनचं लिंग पाहा. वंशाचं नाव "अमिबा"ने संपत असेल तर ते स्त्रीलिंगी, आणि गावाच्या नावाला "एन्सिस" लागतं.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवून तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था आहे. काचपट्ट्या तिथे द्या, जनुकाचं वाचन जेनबँकेत ठेवा. जिवंत वंश एकाच फ्रिजवर सोपवू नका. भारनियमनाच्या उन्हाळ्यात एक रात्र पुरते. आपल्याकडे, विद्यापीठात आणि तिसऱ्या एका प्रयोगशाळेत प्रती ठेवा. सिस्ट करणारा असेल तर वाळलेल्या अगारवरच्या सिस्टची बशीही जपा, मात्र अधूनमधून उठवून पाहा.

आणि गावात परत जा. ग्रामपंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. तिच्यात गट क्रमांक, विहिरीचे मालक, नमुन्याची तारीख, त्या दिवशीची क्षारता आणि अमिबाचं नाव लिहून घ्या. दर्यापूरच्या त्या मालकांना मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "हा आमच्याच विहिरीतला ना?"